चावडीतली फिर्यादी बाई

कासारवाडीच्या जुन्या चावडीत कचेरी भरायची बंद झाली, तरी गिरजाबाई रोज झाडायला यायच्या. नवरा तिथला कोतवाल. तो गेल्यावर किल्ली त्यांच्याकडेच राहिली. कुणी चावडी बघायला आलं की झाडू कोपऱ्यात ठेवून त्या दाखवायला लागत. आधी सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेले पोपट. "ह्यो बघा, चोच उलटी. सुताराचं घरी भांडान झालं आसंल." मग मागची भिंत. चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेला निवाडा: लोडाला टेकलेले पंच, हात जोडलेला सावकार, आणि कडेवर तान्हं घेऊन दाद मागायला आलेली एक बाई. लुगड्याचा हिरवा रंग अजून ताजा. चेहरा मात्र नाही.

"तोंड म्या घालवलं तिचं," पाहुण्याने विचारायच्या आधीच त्या सांगायच्या.

त्यांचा ज्योतीराम लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा या बाईला सटवाई समजून त्यांनी तेल-कुंकू लावलं. पोरगा उठला. मग गावच्या बायकांची रीघ लागली. तेल ओघळायचं, भिंत घाण दिसायची, म्हणून गिरजाबाईच ओल्या फडक्याने पुसायच्या. पुसता पुसता नाक गेलं, मग डोळे. "दाद मागाया आलती बिचारी. तिचं तोंडच पुसलं म्या."

तान्ह्याचा चेहरा तेवढा शाबूत होता. त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत.

१९७४ साली माझ्या रांगत्या लेकीचा, मृदुलाचा ताप उतरेना. डॉक्टरांचं औषध चालू होतं. मी बी.ए. झालेली, तरी शेजारणीच्या सांगण्यावरून कुंकवाची कोयरी पदराआड घेऊन चावडीत गेले.

"नुसतं बोट टेकवते," मी म्हणाले. "त्या बाळाला."

गिरजाबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "न्हाई, बाई."

"ज्योतीरामासाठी तुम्ही लावलंत ना?"

त्यांची मान खाली गेली. "व्हय, लावलं. म्हणून तर न्हाई म्हनते."

मी चिडून परतले. संध्याकाळी गिरजाबाई दारात. "उतरला का?" नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा, उंबऱ्याबाहेरूनच. ज्योतीरामाला कंपनीच्या शिफ्टचा डबा दिला की त्या थेट आमच्याकडे येत, विचारत, पाणीही न घेता जात. आमचे हे म्हणाले, "ताप पोरीला आहे की गिरजाबाईंना, तेच कळेना."

मी त्यांना एकदा म्हटलं, "इतकं जिवाला का लावून घेता?"

"पोरीला काय झालं, तर म्या आडवी आले म्हणून. आन लावू दिलं आसतं, तर त्या लेकराचं तोंड गेलं आसतं. कुठं बी मीच."

आठवड्याने ताप उतरला. मृदुला मऊ भात खात होती. गिरजाबाई पहिल्यांदाच आत आल्या. तिच्या कपाळाला पालथा हात लावला, पुन्हा लावला, आणि तिथंच भुईवर बसल्या. चहा दिला, तो बशीत ओतून संपवला.

"चालाया लागली की आना चावडीत," मग म्हणाल्या. "लांबून दावीन."