मांगातलं खिडकीचं पान

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. या ग्रुपवरच्या निम्म्या गूढ अनुभवांना मी मनातल्या मनात हसलोय... माफ करा. पण हे माझ्याच घरात घडलंय. वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर, रविवारी भर दुपारी.

मला जपानी कॉमिक्सचं, म्हणजे मांगाचं वेड आहे. माझा एक लाडका चित्रकार आहे – मारामारी काढावी तर त्यानेच! या गृहस्थाला मध्येच काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने शोकांत प्रेमकथा काढली. शेवटी हॉस्पिटलमधली नायिका नायकाला म्हणते, "जा, संत्री घेऊन ये." हा जातो. ती मरते. संपलं! मी ऑनलाइन त्याची यथेच्छ सालटी काढली. 'मरणाऱ्या माणसाला सोडून संत्री आणायला जाणारा ठोंब्या कुणी असतो का?' लोक खूप हसले.

असतो. मी होतो. माझे बाबा गेले तेव्हा मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा पीत होतो. "जा, चहा पिऊन ये," असं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून घरात कुणी तो विषय काढला की मी उठून जायचो.

तर त्या रविवारी आई त्याच प्रेमकथेचं इंग्रजी पुस्तक चाळत बसली होती. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. तिने आपलं नेहमीसारखं डावीकडून, म्हणजे शेवटापासून सुरू केलेलं.

"आई, उलटं वाचतेयस. आणि त्यातलं इंग्रजी कळतंय का तुला?"

"चित्रं कळतात ना! छान आहे रे. तो रस्ता ओलांडेपर्यंत पोरगी खिडकीतून बघत राहते. मग पडदा ओढून घेते. त्याच्यासमोर प्राण सोडायचा नव्हता तिला."

"असं चित्रच नाहीये त्यात."

तिने पान पुढे केलं. होतं! खिडकी, मुलीची पाठ आणि खाली रस्त्यावर एवढासा तो... मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं हो!

आई चष्मा पुसत म्हणाली, "ह्यांनीही तेच केलं. तू खाली गेल्यावर मला विचारलं, 'गेला का? बरं झालं. त्याला हे बघवलं नसतं.' तुला सांगायचं होतं रे, पण तू बोलूच द्यायचा नाहीस."

मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडलो. बाहेर येऊन पुस्तक उघडलं, तर ते पान नाही. पानांचे नंबर सलग, फाडल्याची खूण नाही. मित्राची प्रत आणली, त्यातही नाही. आईला म्हटलं तर ती शांतपणे, "तूही पाहिलंस ना? मग झालं तर."

भास म्हणावा, तर दोघांना एकदम कसा? मला आजही काही सांगता येत नाही. ती प्रेमकथा अजूनही फालतूच वाटते मला. लाज वाटते ती वेगळीच – मी त्या ठोंब्यावर जगाला हसवत सुटलो होतो, आणि शेजारच्या खोलीत आई बाबांचे शेवटचे शब्द इतके महिने एकटीच सांभाळत बसली होती.