चढावरचा हात

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या स्पर्धकांना एकत्र बसवून नियम समजावून सांगतात. पुण्याबाहेर धरणाच्या काठी मांडव घातला होता आणि माईकवर एक तरुण मनुष्य अतिशय गोड आवाजात उद्या काय काय करायचं नाही ते सांगत होता. पोहताना दुसऱ्याला धरायचं नाही. सायकलवर पुढच्याच्या मागे चिकटून राहायचं नाही. एकमेकांना कसलीही मदत करायची नाही. आणि दोघांनी शेजारी शेजारी सायकल चालवायची नाही.

मी हात वर केला. "मग बोलायचं कसं?"

मांडवात हशा पिकला. माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने, म्हणजे पस्तिशी ओलांडलेल्या, कानशिलावर पांढरे केस आलेल्या मुलाने, "आई, प्लीज" म्हणून मान खाली घातली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी साठी उलटलेली बाई आहे आणि ज्या पुण्यात मी वाढले तिथे सायकल ही मुळात गप्पा मारत चालवायची वस्तू होती.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. आम्ही तिथेच क्वार्टर्समध्ये राहायचो. संध्याकाळचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकली बाहेर पडत, त्या पडतच राहत. रस्ता भरून सायकली, हँडलला अडकवलेले रिकामे डबे, आणि घंट्यांपेक्षा बोलण्याचा आवाज मोठा. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची बढती अडली, सगळं पेडल मारता मारता सांगून व्हायचं. बुधवार पेठेपर्यंत जाणारे लोक तर घरी पोचेस्तोवर अख्ख्या कारखान्याचा कारभार सुधारून ठेवत असत.

त्या सायकलवाल्यांची एक रीत होती. समोरून वारा असला किंवा चढ लागला की ज्याच्या पायात दम आहे त्याने शेजारच्या दमलेल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. एका हाताने आपलं हँडल, दुसरा हात त्याच्या खांद्यावर, आणि दोघांनी मिळून चढ काढायचा. त्यासाठी ओळख लागत नसे. माणूस अनोळखी असला तरी हात पडायचा, चढ संपला की निघायचा, आणि आभार मानायची पद्धत नव्हती. पुणेकर असूनही कुणी टोमणा मारत नसे, यावरून ती रीत किती पक्की होती ते समजावं.

मी कॉलेजला जायला लागले तेव्हा बाबांची दुपारपाळी असली की ते सकाळी विद्यापीठाच्या चढापर्यंत माझ्याबरोबर यायचे. माझी सायकल जुनी आणि जड होती आणि मी काडीसारखी. चढ लागला की त्यांचा हात यायचा. एकदा मी लाडात येऊन पाय मारायचे थांबवले, तर हात लगेच निघाला. "ढकलायचं नसतं," बाबा म्हणाले. "नुसता हात ठेवायचा. चढायचं ज्याचं त्याने." वर पोचलो की ते तिथूनच वळून परत जात. मी मागे वळून बघायची तेव्हा त्यांचा पांढरा सदरा उतारावरून लहान लहान होत गेलेला दिसायचा. आजही त्या चौकातून रिक्षाने जाताना, आणि तिथे रिक्षा बराच वेळ थांबतेच, माझा उजवा खांदा मला आठवण करून देतो.

पोहायलाही त्यांनीच शिकवलं. पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून खडकीपलीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीत सोडलं. तेव्हा रडले होते. पण त्या विहिरीच्या जिवावर मी वयाच्या साठीनंतर धरणाच्या पाण्यात उतरले.

लग्न होऊन कोथरूडला आले तेव्हा लोक कोथरूडला गाव म्हणायचे. तिथून सायकलनेच शाळेत शिकवायला जायची. मुलगा झाला, मोठा झाला, तेव्हा त्याला मागे कॅरिअरवर बसवून न्यायची. तो माझ्या कमरेला धरून पाढे म्हणायचा आणि खड्डा आला की एक पाढा गाळायचा. मग हळूहळू सगळ्यांच्या स्कूटर झाल्या. सायकल चालवणारी मी एकटीच उरले, आणि शेजारणी "अजून सायकल?" असं विचारायला लागल्या, जणू मी अजून पाटी-पेन्सिलने लिहितेय.

मुलाचं एक होतं. कुठलीही गोष्ट तो धडाक्यात सुरू करायचा आणि मध्येच सोडायचा. तबला, बुद्धिबळ, जर्मन. घरात तबल्यातला एक डग्गा अजून आहे, त्यावर आम्ही कुंडी ठेवतो. पण ही ट्रायथलॉन त्याने मनावर घेतली होती. आधी जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं ठरलेल्या वेळेच्या आत. दोन वर्षं तो पहाटे उठून सराव करत होता. पहिल्या खेपेला तो गेला आणि सायकलच्या टप्प्यातल्या घाटात, शेवटच्या वळणाआधी, किलोमीटरच्या दगडावर जाऊन बसला तो उठलाच नाही. घरी आल्यावर सगळ्यांना त्याने साखळी तुटली म्हणून सांगितलं. खरं काय ते मला एकटीला सांगितलं. "आई, पाय चालत होते गं. मीच थांबलो."

ती महागाची सायकल मग गॅलरीत भिंतीला टांगली गेली. एक दिवस मी तिच्या हँडलवर माझा टॉवेल वाळत घातला. मुद्दाम घातला, खोटं कशाला सांगू. तो चिडेल, भांडेल असं मला वाटलं होतं. त्याने टॉवेलकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेला. त्याचं ते न बोलणं मला फार लागलं. माझा मुलगा आता स्वतःला अर्ध्यावर सोडणारा माणूस समजायला लागला होता.

रात्रीच्या जेवणाला मी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी मीही उतरणार आहे. तुझ्याबरोबर."

माझे यजमान ताटातून मान वर न करता म्हणाले, "विम्याचा हप्ता भरलाय ना?"

ते वर्ष माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या वर्षांपैकी एक. मुलगा मोठा झाला की आईच्या वाट्याला तो जेवणाच्या टेबलावर, फोनच्या आड, तेवढाच येतो. त्या वर्षी तो मला सकाळच्या सकाळ मिळाला. आम्ही तलावावर जायचो, सायकली काढून शहराबाहेर पडायचो, आणि रस्ता मोकळा असला की शेजारी शेजारी चालवायचो. ऑफिसातल्या कटकटी, त्याच्या मुलीची शाळा, जुन्या शिक्षकांच्या नकला. तो पुन्हा माझ्या कॅरिअरवर बसलाय असं वाटायचं. मी शर्यत पुरी करीन का याची मला फिकीर नव्हती. मला हौस होती, त्याला गरज होती. त्या वळणापुढे तो गेला पाहिजे, एवढंच मी देवाकडे मागितलं होतं.

शर्यतीच्या दिवशी पाणी थंडगार होतं. मी विहिरीतल्यासारखी मान वर काढून पोहले, बऱ्याच जणांच्या मागून बाहेर आले, आणि बघते तर हा सायकलपाशी मोजे घालत बसलेला. "एवढा वेळ?" मी म्हटलं. "मोजा सापडत नव्हता," तो म्हणाला. मला खरं वाटलं. मोजे न सापडणं ही त्याची जुनी खोड आहे.

मग आम्ही निघालो. नियमाप्रमाणे तो पुढे, मी मध्ये बरंच अंतर ठेवून मागे. ऊन चढलं. शेतं, टपऱ्या, रस्त्याकडेला उभी राहून "आज्जी, दामटा!" म्हणणारी माणसं. आणि अखेर तो घाट.

घाटात तो हळू झाला. आधी थोडा, मग खूपच. आमच्यातलं अंतर कमी होत गेलं. ते शेवटचं वळण आलं, तो किलोमीटरचा दगड दिसला, आणि मला त्याची खाली घातलेली मान दिसली. आता हा उतरणार. आता हा जाऊन त्या दगडावर बसणार. मी होता नव्हता तो जोर लावला, पुढे जाण्यासाठी त्याच्या बरोबरीला आले, आणि माझा डावा हात हँडलवरून सुटून त्याच्या खांद्यावर गेला.

मी ठरवून केलं नाही. नियम डोक्याला माहीत होता, हाताला कोणी सांगितला नव्हता. मदत म्हणजे दोरीने ओढणं, धक्का देणं असं काहीतरी मी समजत होते. चढावर खांद्यावर हात ठेवणं ही माझ्या लेखी मदत नव्हतीच, ती सायकल चालवण्याची पद्धत होती.

मागून मोटरसायकल आली. तिच्यावर शिट्टी वाजवणारा पंच. आम्हाला थांबवलं.

"काकू, तुम्ही ढकललंत त्यांना."

"ढकललं नाही. हात ठेवला."

"नियमात दोन्ही एकच आहे."

"मग नियम लिहिणाऱ्याने सायकल चालवलेली नाही," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातला झाला होता. "ढकललं तर समोरचा पाय मारायचा थांबतो. तो थांबला होता का?"

पंच चाळिशीचा, शांत मनुष्य होता. त्याने घाम पुसला. "काकू, मी वाद घालत नाही. तुम्ही दोघंही बाद होता."

दोघंही. हे ऐकल्यावर माझा सगळा आवेश गळाला. वर्षभर ज्या वळणापुढे त्याला न्यायचं होतं, त्याच वळणावर मी त्याला माझ्या हाताने थांबवलं होतं.

"हे बघा," मी हात जोडले, "हात माझा होता. त्याने मागितला नव्हता. त्याला माहीतसुद्धा नव्हतं. बाद करायचं तर मला करा. परीक्षेत कॉपी देणाऱ्याला मी पकडायची, पण शेजारच्याने पेपर पुढे सरकवला म्हणून न बघणाऱ्याला मी कधी उठवलं नाही."

तेवढ्यात मुलगा बोलला. "मी दमलो नव्हतो, आई."

"काय?"

"तू मागे राहू नयेस म्हणून हळू चालवत होतो. पाण्यातून बाहेर आल्यावरही थांबलो होतो. तुला एकटीला सोडून कसा जाऊ?"

मला आधी त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग डोळ्यांत पाणी आलं ते घामात खपून गेलं. वर्षभर मी समजत होते की मी त्याला सोबत करतेय.

पंचाने फोनवर कुणाशी तरी बोलून घेतलं. मग म्हणाला, "त्यांनी मदत मागितली नव्हती हे मी सांगितलंय. त्यांना पाच मिनिटं थांबवून सोडतो. तुम्ही मात्र बाद, काकू. सॉरी."

मी छातीवरचा नंबर काढून दिला. बघते तर हा हेल्मेटचा पट्टा सोडतोय.

"तू नाहीस तर मीही नाही," तो म्हणाला. "बरोबर करायचं ठरलं होतं."

"पट्टा बांध."

"आई, वेळ तशीही—"

"पट्टा बांध म्हणते ना! गेल्या वर्षी तू तुझ्यासाठी थांबलास, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. या वर्षी माझ्या नावावर थांबायचं नाही. मला असली भेट नको आहे."

त्याने पट्टा बांधला. पाच मिनिटं आम्ही तिघं त्या दगडापाशी उभे होतो आणि कुणीच त्यावर बसलं नाही. पंचाने मान हलवली तसा मुलगा सायकलवर चढला, पेडलवर उभा राहिला, आणि इतक्या वेगाने वळणाआड गेला की मला नीट बघताही आलं नाही. तेवढी ताकद तो सबंध सकाळ माझ्यासाठी आवरून बसला होता.

मला आणि माझ्या सायकलला टेम्पोत घालून परत आणलं. यजमान शेवटच्या कमानीपाशी थर्मास घेऊन उभे होते. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "तुझे बाबा असते तर तेही बाद झाले असते." हे त्यांचं सांत्वन.

मग आम्ही वाट बघत बसलो. माणसं पळत येत होती, लंगडत येत होती, टाळ्या पडत होत्या. सावल्या लांबल्या. माईकवाला उरलेला वेळ सांगायला लागला तशी मी हिशेब करत बसले. माझ्यामुळे त्याने किती वेळ घालवला होता, पाण्याकाठी, रस्त्यावर, त्या दगडापाशी. तो पोचला नाही तर पुढचं सगळं आयुष्य तो "साखळी तुटली" म्हणून सांगेल, आणि ती साखळी मी असेन.

वेळ अगदी संपत आली तेव्हा तो दिसला. एक पाय ओढत होता, तोंड वाकडं झालं होतं, पण पळत होता. दोरीपलीकडून तो माझ्या हाताच्या अंतरावरून गेला. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले. माझ्या हातांवर माझाच भरवसा राहिला नव्हता.

कमान ओलांडली त्याने. वेळेत ओलांडली. गळ्यात पदक पडलं, कुणीतरी पाण्याची बाटली दिली. ती न उघडताच तो दोरीखालून वाकून माझ्यापाशी आला आणि माझ्या पायांशी, माझ्याकडे पाठ करून, मातीत बसला. बराच वेळ नुसता धापा टाकत होता. मग मान न वळवता त्याने आपल्या खांद्यावर दोन बोटं आपटली.

"आता ठेव," तो म्हणाला.

मी ठेवला. खांदा ओला होता आणि मिठाने खरखरीत झाला होता, बाबांचा सदरा कारखान्यातून आल्यावर असायचा तसा. चढ संपला होता, आणि रीतीप्रमाणे हात काढायला हवा होता. पण मी तो काढला नाही, आणि त्यानेही उठायची घाई केली नाही.