उजव्या हातातला कप

"पाटील, ये नया पावडर लगाओ. स्लो बर्निंग है. स्लो जलेगा तो स्लो मारेगा."

डबा टेबलावर ठेवून आमचे मॅनेजर शाजी सर मोकळे झाले. मी दुबईतल्या एका शूटिंग क्लबात काडतुसं भरतो. पितळी पुंगळी, तिच्यात मोजून पावडर, वर गोळी. शारजाहून ट्रॅफिकमध्ये अर्धा जीव घालवून पोचलो होतो. वाद घालायचं त्राण नव्हतं, तरी घातला.

गोळी तेवढ्याच वेगाने जायची तर ही पावडर जास्त लागते. जास्त पावडर म्हणजे जास्त गॅस. तोही गोळीमागून नळीतून सुटतो आणि हाताला जादा झटका देतो. आपली जुनी फास्ट पावडर थोडी घातली तरी भागतं.

"तो यही कम डालो."

कमी घातली तर गोळीचा वेग पडतो, पिस्तूल मध्येच अडकतं. हेही सांगितलं.

"ऑर्डर हो गया. खलास."

हा सगळा खटाटोप अबू सालेम यांच्या कोपरासाठी होता. क्लबचे सगळ्यात जुने सभासद. बायको गेल्यापासून हा माणूस फक्त आमच्याकडे येऊन चार शब्द बोलतो. उजव्या कोपराचं ऑपरेशन झालेलं. पुन्हा सुजलं तर पिस्तूल कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

अबू सालेम खेळायला आले. नव्या पावडरचे त्यांचे बार नुसत्या आवाजानेच कान किटवत होते.

"कैसा है, साब?" शाजी सरांनी विचारलं.

"माशाल्ला, बहुत सॉफ्ट."

शाजी सरांनी माझ्याकडे बघितलं. आपल्यासाठी कुणी खटपट केली, की तोंडावर नावं ठेवायची नाहीत, ही अबू सालेम यांची जुनी सवय.

मग कॉफी आली. कप इथे उजव्या हातानेच घेतात. अबू सालेम यांनी डावा पुढे केला. ओतणारा थबकला. म्हातारा ओशाळून हसला, पण उजवा हात मांडीवरून हलला नाही. मला फार वाईट वाटलं.

शाजी सरांनीही पाहिलं. जाताना हळूच म्हणाले, "पुराना वाला भरो."

नशिबाने सूज आली नाही. दुखणं थांबल्यावर, डॉक्टरांना विचारून अबू सालेम पुन्हा आले. जुन्या पावडरवर खेळले. कैसा है? माशाल्ला, बहुत सॉफ्ट. शब्द तेच. मी कॉफी येईपर्यंत रेंगाळलो. कप उजव्या हातात होता.

नवा डबा स्टोअरमध्ये पडून आहे. कामाला येईल, इन्शाल्ला, असं शाजी सर म्हणतात. मी हल्ली कुणाला कसं वाटलं ते विचारत नाही. कॉफी येईपर्यंत थांबतो.