डब्यातली सुरी

मालिकेत खून व्हायची वेळ आली की मावशी पदर डोळ्यांवर ओढायच्या आणि पदराआडून सगळं बघायच्या. वर मलाच बजावायच्या, "सर, तुमी बगू नका, झोप लागायची न्हाई."

लातुरात आमच्या गल्लीत क्लासच्या पोरांना खोल्या भाड्याने देणाऱ्या, घरात एकट्याच राहणाऱ्या बाई. मी शेजारचा मास्तर. दुपारी चहाला गेलो की गुन्ह्यांची मालिका चालूच. मी चेष्टा करायचो, "मावशी, पोलीस भरतीला बसा आता."

एका भागात दोन शाळकरी पोरांनी टीव्हीवरचंच बघून घरमालकिणीचा गळा चिरला. मावशींचा चहा तसाच निवला. "आजकालची पोरं लई हुशार, सर. समदं टीव्हीच शिकवतंय. अन् माज्या घरात सहा हायती."

त्या दिवसापासून त्यांची विळी कपाटात, कुलपाच्या आत. पोरांनी पाठीमागून हाक मारली तरी दचकायच्या. मग नजर डब्यांकडे वळली. आपल्याकडे गावातून आई एसटीत डबा ठेवते आणि पोरगं स्टँडवर जाऊन उतरवून घेतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मावशी ते डबे उघडून बघू लागल्या.

नायगावच्या एका पोराच्या डब्यात, भाकरीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवीकोरी सुरी निघाली. मावशी तशाच माझ्याकडे आल्या. "सर, पोलिसाला फोन लावा. आता माजा लंबर हाय."

खरं तर आधी पोराला विचारायला हवं होतं. पण तो अबोल, मान खाली घालून चालणारा. मलाही भीती वाटली. फोन मीच लावला.

दोन पोलीस आले. अंगणात सगळ्यांदेखत चौकशी झाली. पोराला रडू आवरेना. त्याच्या आईला फोन केला तर ती म्हणाली, "मीच दिली व साहेब, जेवताना कांदा चिरून घेईल म्हणून. काय केलं माज्या लेकरानं?"

दुसऱ्या दिवशी वडील आले आणि त्याची वळकटी उचलली. परीक्षा महिन्यावर आली होती. निघताना पोरगं रीतीप्रमाणे पाया पडायला वाकलं. मावशींनी घाबरून पाय मागे घेतले. क्षणभर ते तसंच वाकून राहिलं, मग गेलं.

मावशींनी पुढे खोल्या बंद केल्या आणि उदगीरला लेकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "लेकरू पाया पडाया आलं, अन् मी पाय वढून घेतले. असं कसं केलं व मी?"

मी त्यांना धीर दिला. एवढंच सांगितलं नाही, की तो वाकला तेव्हा मीही त्याच्या हातांकडेच बघत होतो.