पहिल्याच ‘सावधान’ला वाजलेली झांज

फाळणीनंतर कराचीहून बोटीने आलो, तेव्हा माझ्याजवळ एक कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी कर्णा, आणि बँडसाठी बसवलेल्या चालींच्या वह्या होत्या. कपडे अंगावरचे. उल्हासनगरच्या छावणीत, पूर्वी गोरे सोल्जर जिथे घोरत, त्या बराकीत आम्ही घोरू लागलो. मी मराठी, पण जन्म कराचीचा. त्यामुळे शेजारचे सिंधी मला आपला समजत आणि कल्याणचे मराठी मला सिंधी समजत.

तिथेच आठ सिंधी गोळा करून मी बँड उभा केला. सकाळी ते पापड विकत, दुपारी माझ्या चाली घोटत. आणि एकदाचं पहिलं मराठी लग्न मिळालं, बदलापुरात, कुळगावला. ते नीट पार पडलं तर आसपासची गावं बोलावणार होती. फसलं तर सगळे कायमचे पापडाकडे.

लग्न लागतं त्या क्षणासाठी मी खास चाल बांधली. आधी झांजेचा दणका, मग सगळे कर्णे एकदम. झांजवाल्याला बजावलं, “भटजी ‘शुभमंगल सावधान’ बोले, की मार!”

आता मंगलाष्टकं पुष्कळ असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘सावधान’ येतं, हे काही मी त्याला सांगितलं नाही. मराठी माणसाला हे कोण सांगतं? तो मराठी नव्हता, एवढंच मी विसरलो.

पहिलं मंगलाष्टक संपलं. ‘सावधान’. आणि धडाम्! अख्खा बँड मांडवात कोसळला. दोन्ही मामांच्या हातून अंतरपाट सुटला. नवरदेवाने दचकून भटजींना मिठी मारली आणि हातातला हार थेट त्यांच्या गळ्यात!

“अगं बाई, लग्न लागलं का मोडलं?” नवरीची आत्या किंचाळली.

“लागलं, भटजींशी!” मागून कुणीतरी.

झांजवाला अभिमानाने माझ्याकडे वळला. “साईं, ठीक बजाया ना?”

नवरीचे वडील धोतर सावरत माझ्याच दिशेने निघाले. मी मनातल्या मनात पापडाची टोपली डोक्यावर घेतली.

तेवढ्यात नवरी हसली. पदर तोंडात कोंबूनही मांडवभर ऐकू जाईल अशी. मग नवरदेव हसला, मग मामा.

भटजींनी हार उतरवला. “मुहूर्ताला अवकाश आहे. धरा अंतरपाट. आणि मास्तर, ती झांज तुमच्या ताब्यात घ्या.”

वडील जवळ येऊन हळूच म्हणाले, “नवरा धड पाहिलेला नाही म्हणून दोन दिवस रडतेय पोर. घासभर जेवली नाही. आज पहिल्यांदा हसली.” डोळे पुसून पुढे म्हणाले, “शेजारी खरवईला पुतण्याचं लग्न आहे. या. पण ह्या माणसाला मंगलाष्टकं ऐकवून आणा.”

उरलेली सगळी मंगलाष्टकं मी झांज मांडीत दाबून बसलो. शेवटी “वाजवा रे!” असा ओरडा झाला, तेव्हा ती परत द्यायचं भान कुणाला? मीच हाणली. झांजवाला आजही म्हणतो, ठेका चुकला होता.