वायरमनच्या मेणबत्त्या

नशिराबादच्या हिलाल आबांनी वायरमन म्हणून उभा जन्म विजेच्या खांबांवर काढला. निवृत्त झाल्यावर त्यांचा पाय घरात ठरेना आणि रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, मन शांत करणारं काहीतरी धरा. मग सून ज्योतीने मेणबत्त्यांचं सामान आणून दिलं.

आबा बसले, पण बसल्यासारखे नाही. मेण थिजायच्या आत साचा उघडून बघायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा उघडायचे. वात पकडीने अशी ताणायचे, जणू खांबावर तार ओढतायत. सजावट म्हणाल तर प्रत्येक मेणबत्तीवर लाल, पिवळा, निळा असे तीनच पट्टे, थ्री फेजचे. फळी भरली, तरी एकही मेणबत्ती पेटली नाही.

परवा दिवेलागणीला लाईट गेली. त्यांच्या बायकोने, सुंदरबाईंनी, हौसेने एक मेणबत्ती उचलली. आबांनी ती हातातून काढून घेतली.

"वायरमनना घरमा मेणबत्ती? गाव हासी."

"मंग बनाडतस कसाले?" सुंदरबाई तडकल्या.

आबांनी पकड केव्हाच खिशात घातली होती. खांबाकडे निघायला अंधारात पायाने चपला चाचपत ते म्हणाले,

"लाईट जास तवलोंग येळ कसा काढू मंग?"