बायबलातल्या दोन चिठ्ठ्या
बायबल उघडलं की पानांत ठेवलेल्या कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास येतो आणि वाटूरच्या घरातली ती दुपार आठवते. मला पुण्यात नोकरी लागली होती; जावं की नको, हे ठरायचं होतं. आमच्याकडे असा प्रश्न आला की बाबा ‘हो’ आणि ‘नको’ अशा दोन चिठ्ठ्या बायबलात ठेवून प्रार्थना करायचे. मग एकच उचलायची; निघेल ती देवाची इच्छा. पण ताईच्या लग्नाच्या वेळी नेमकी बाबांच्या मनातलीच निघाली, तेव्हापासून मला संशय होता. त्या दिवशीही ते पाठमोरे बसले आणि चिठ्ठ्या फारच लवकर झाल्या. दोन्हींवर ‘नको’च असणार, म्हणून आमेन म्हणताच मी दोन्ही उचलल्या. आई ओरडली, “देवाची परीक्षा घेऊन राह्यली का तू?” “देवाची न्हाई, बाबांची,” म्हणत मी घड्या उलगडल्या. दोन्ही कोऱ्या होत्या. बाबा खाली बघत म्हणाले, “ताईच्या टायमाला दोन्हींवर मीच ‘हो’ लिहिलं व्हतं. आता देवाच्या नावानं माझ्यानं लिहवत न्हाई. तूच ठरव, पण त्याला इचारून ठरव.” मी पुण्याला आले. अजून रोज त्याला विचारते. पण उत्तर अगदी माझ्या मनासारखं आलं, की या वेळी पाठमोरी मीच बसले होते का, असा संशय येतो.